गायरान म्हणजे गावाचा खोडवा



आपल्या पत्रिकेत उसाविषयी लिहिले जाते आणि ते रास्तच आहे. लागण, खोडवा, बेणे, पाचट, तोडणीचा कार्यक्रम आणि दर, यांतच आपले वर्ष सरते. आज मात्र मी आपणाला फडातून उठवून थोडे वर, गावामागच्या माळावर नेणार आहे. विषय गायरानाचा आहे. "ऊसवाल्याला गायरानाचे काय पडले आहे?" असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचावे आणि मग उत्तर आपणच द्यावे.

आपला वडवणीचा भाग बालाघाटाच्या डोंगराला टेकलेला. वर माळ आणि खाली मळा, अशी इकडच्या बहुतेक गावांची ठेवण. वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली पाषाण. खाली ओढ्याच्या आणि कुंडलिकेच्या काठाला काळी जमीन. विहिरी तिथे आणि ऊसही तिथेच. पावसाचा भरवसा नाही हे आपणांस मी काय सांगावे? १९७२ चा दुष्काळ पाहिलेले लोक आता थकले. पण २०१३, २०१६ आणि २०१९ चे उन्हाळे आपण सगळ्यांनीच भोगले. २०१९ साली बीड जिल्ह्यात चारा छावण्या शेकड्यांनी होत्या. ऊस तोडून छावणीत जात होता, कारण दुसरा हिरवा चारा नव्हता. जो ऊस छावणीत जातो तो गव्हाणीत पडत नाही. म्हणजे गावाचा चारा संपला की त्याची झळ कारखान्याच्या बॉयलरपर्यंत पोचते. तेव्हा गायरानाचे आपल्याला काही पडलेले नाही, असे म्हणून चालणार नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गायरानात पोळ्याच्या सुमाराला वासरू बसले तर दिसत नसे. पवना, मारवेल, डोंगरी, मधूनमधून कुसळी. दिवाळीनंतर विळे घेऊन माणसे जात, भारे बांधून आणत आणि गंजी लागत. आज त्याच माळावर जाऊन पाहा. तरवड आहे, तरोटा आहे, गाजरगवत आहे. जनावर ज्याला तोंड लावत नाही तेवढे शिल्लक राहिले आहे. गोड गवत आधी संपते, कारण जनावर आधी तेच खाते. पवना आणि मारवेल गेले की कुसळी उरते. कुसळीही खाऊन संपली की तरवड आणि उघडा मुरूम.

हे असे का झाले, याची तीन उत्तरे पारावर मिळतात. एक म्हणतो, पाऊस कमी झाला. दुसरा म्हणतो, शेळ्यांनी खाल्ले. तिसरा म्हणतो, अतिक्रमणाने गेले. तिन्हींत थोडे थोडे खरे आहे, पण पुरते खरे एकही नाही.

पाऊस कमी म्हणावा, तर त्याच पावसावर एखाद्याच्या काट्याने कुंपलेल्या पडीक तुकड्यात कमरेइतके गवत दिसते आणि कुंपणाबाहेर मुरूम दिसतो. ढगाला काही कुंपण कळत नाही. शेळीचे म्हणाल, तर शेळी मुख्यतः झुडपाचा पाला खाणारे जनावर आहे. माळावर गवत ओरबाडणाऱ्यांत गाय, म्हैस, बैल, मेंढी सगळेच आहेत. नाव मात्र शेळीचे होते, कारण शेळी गरिबाची. आणि अतिक्रमणाचे म्हणाल, तर पोटाला जमीन नसलेल्या माणसाने गायरानाचा तुकडा कसायला घेतला, त्यामागे मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह मराठवाड्यातही झाला होता. त्या कष्टकऱ्याकडे बोट दाखवून आपण मोकळे व्हावे, हे मला पटत नाही. जे गायरान अजून गायरान म्हणून शिल्लक आहे, त्याचे आपण काय केले, हा प्रश्न आधीचा आहे.

मला वाटते, गवत जनावराने संपवले नाही. गवताला विसावा मिळाला नाही म्हणून ते संपले. हे एकच सांगण्यासाठी मी आज लिहायला बसलो आहे.

ऊसवाल्याला हे समजायला सोपे जावे, कारण ऊस हेही गवतच आहे. ऊस, ज्वारी, मका, मारवेल, पवना, सगळे एकाच कुळातले. आपण ऊस बुडाशी तोडतो आणि त्याच बुडख्यातून खोडवा फुटतो. तो फुटतो कशाच्या जोरावर? जमिनीतल्या मुळांच्या आणि बुडख्यात साठवलेल्या अन्नाच्या जोरावर. फुटवे वर आले, पाने हिरवी झाली, की पान अन्न तयार करते आणि मग मुळे पुन्हा वाढीला लागतात. आता समजा, खोडवा बोटभर फुटला की कोणी त्यात जनावरे सोडली. पुन्हा फुटला, पुन्हा सोडली. दर आठ दिवसांनी हेच. तो खोडवा येईल काय? शेजाऱ्याचे वासरू खोडव्यात शिरले तर आपण काठी घेऊन धावतो, प्रसंगी भांडण चावडीवर जाते. आणि गावाच्या खोडव्यात मात्र बाराही महिने, सकाळ-संध्याकाळ, अख्ख्या गावाची जनावरे सोडतो. गायरान म्हणजे गावाचा खोडवाच आहे. फरक इतकाच की त्याला मालक नाही आणि म्हणून काठी घेऊन धावणारा कोणी नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. अमेरिकेत फ्रँकलिन क्राइडर नावाच्या संशोधकाने १९५५ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरनिराळ्या गवतांचा पाला त्याने कमी-जास्त प्रमाणात कापला आणि जमिनीखाली मुळांचे काय होते ते पाहिले. शंभरातला चाळीस भाग पाला कापला तोवर मुळांची वाढ चालू राहिली. निम्म्याहून जास्त कापला की मुळे थबकायला लागली. ऐंशी भाग कापला तेव्हा मुळांची वाढ सुमारे १२ दिवस पार बंद पडली. त्या बारा दिवसांत पुन्हा कापले तर? पुन्हा बंद. वरून आपल्याला गवत आखूड झालेले दिसते, पण खाली मूळही आखूड होत असते, ते दिसत नाही. आणि आखूड मुळाचे गवत पहिल्या पावसाच्या ताणाला मरते. मग आपण म्हणतो, पाऊस कमी पडला.

आता या मुळांशी मातीचा काय संबंध, ते पाहू.

गवताचे जेवढे अंग वर दिसते, तेवढेच किंवा त्याहून जास्त जमिनीखाली असते. दरवर्षी त्यातली काही मुळे मरतात आणि कुजतात, तेच मातीचे खत. त्यांनी केलेल्या बारीक बारीक वाटांनी पाणी खाली उतरते, गांडुळे आणि वाळवी त्या वाटा मोठ्या करतात. मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. आपली काळी जमीन पाषाण झिजून झाली. पण अमेरिकेतली प्रेअरीची आणि युक्रेनची काळी जमीन, जी जगात नावाजलेली आहे, तिला काळेपण दिले ते हजारो वर्षे तिच्यात कुजत आलेल्या गवताच्या मुळांनी. गवत माती धरून ठेवते हे तर आहेच, पण गवत माती घडवतेही.

गवत गेले की उलटे चक्र सुरू होते. उघड्या मातीवर पावसाचा थेंब गोळीसारखा बसतो. बारीक कण उडून भोकांत बसतात, वर खपली धरते आणि पाणी जिरायचे थांबते. त्यात ओल्या मातीवर जनावरांचे खूर पडले की ती ठेचून घट्ट होते. मग पडलेला पाऊस माळावर न थांबता ओढ्याला धावतो आणि जाताना वीतभर मातीतली चिमूट-चिमूट माती घेऊन जातो. वरचा माळ उघडा पडतो, खालचा तलाव गाळाने भरतो. तलावांतला गाळ काढण्यासाठी राज्य सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढली. आपल्यापैकी पुष्कळांनी ट्रॅक्टर लावून गाळ आणला, शेतात टाकला. चांगले केले. पण हा गाळ आला कुठून, हे कोणी विचारले काय? तो आपल्याच माळाची कातडी होती. आधी माती वाहू द्यायची आणि मग डिझेल जाळून ती परत आणायची, असा हा व्यवहार आहे. डोंगरावर चर खोदले, तेही चांगले. पण चराच्या वरच्या अंगाला गवत नसेल तर चरही मातीने भरतो.

आपल्या विहिरीचे पाणी फक्त आपल्या मळ्यात पडलेल्या पावसाचे नसते, बंधूंनो. वरच्या माळावर जिरलेला पाऊस मुरमातून, पाषाणाच्या भेगांतून हळूहळू खाली येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत विहिरीला पाझर राहतो. माळावर पाणी जिरले नाही तर विहीर दिवाळीनंतर लवकर बसते. मग आपण बोअर आणखी खोल नेतो, मोटर बदलतो, ठिबकाचे पैसे भरतो. या सगळ्या खर्चात गायरानाचा हिशेब कुठेच धरलेला नसतो.

ज्याला पटत नसेल त्याने एक साधी परीक्षा करून पाहावी. मी केली आहे. एक पत्र्याचा डबा घ्यावा, त्याचे दोन्ही तोंड कापावे आणि दोन बोटे जमिनीत ठोकून बसवावा. त्यात तांब्याभर पाणी ओतावे. माझ्या बांधावर, जिथे मारवेल दाट आहे आणि जनावर फारसे जात नाही, तिथे कपभर चहा पिऊन होईपर्यंत पाणी जिरून गेले. तोच डबा गायरानात, जनावरांच्या वाटेजवळ ठोकला. चहा झाला, तंबाखू मळून झाली, दोन माणसे येऊन "काय करायलात?" विचारून गेली, पाणी तसेच उभे. माती तीच, पाऊस तोच. फरक गवताच्या मुळांचा आणि खुरांचा.

इथे कोणी म्हणेल, मग जनावरे माळावर जाऊच देऊ नयेत. तसेही नाही. गवत आणि जनावर यांचे वैर नाही. कित्येक वर्षे अजिबात न चरलेले, न कापलेले गवत आतून जुनाट होते, वाळक्या काड्यांनी गुदमरते, नवे फुटवे कमी येतात आणि उन्हाळ्यात एका विडीने वणवा पेटतो. जनावर खाते, शेण-मूत टाकते, बी पायाखाली मातीत दाबते आणि पुढे जाते. 'पुढे जाते' हे महत्त्वाचे. आपल्याकडे धनगर बांधवांची रीत पाहा. मेंढ्यांचा कळप आज इथे, उद्या तिथे. एखाद्याच्या रानात दोन-चार रात्री मेंढ्या बसवल्या की त्या रानाचे पीक वेगळे ओळखू येते. त्यासाठी आपण धान्य देतो, पैसे देतो, आनंदाने देतो. तेच कळप जर एका जागी वर्षभर ठेवले तर ती जागा बरड होईल.

फ्रान्सचे आंद्रे व्वाझँ, स्वतः शेती करणारे आणि अभ्यासक, यांनी १९५७ साली गवतावर ग्रंथ लिहिला. त्याचे सार हेच होते की एकदा खाल्लेल्या गवताला पुन्हा उभे राहायला पुरेसा वेळ द्यावा आणि नुकत्याच फुटलेल्या कोंबाला दुसऱ्यांदा तोंड लावू देऊ नये. पुढे झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी यांनी तर दाट कळप ठरवून फिरवले तर वाळवंटही हिरवे होते असा दावा केला. तो दावा पुष्कळ शास्त्रज्ञांना मान्य नाही आणि आपणही त्याच्या नादी लागण्याचे कारण नाही. जनावरांची संख्या माळाला झेपेल एवढीच पाहिजे, हे आपल्या आजोबांनाही माहीत होते. पण विसाव्याविना गवत नाही, याबद्दल मात्र कोणाचे दुमत नाही.

आपल्याच महाराष्ट्रात हे करून दाखवलेली गावे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातले राळेगणसिद्धी हे पहिले मोठे नाव. १९९० नंतर त्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार. १९९२ साली सरकारने आदर्श गाव योजना आणली तेव्हा तिच्या अटींत कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीला चराईबंदी होती. हिवरे बाजारने जनावर मोकळे सोडायचे बंद केले, पण गवत विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवली. गवत वाढले, तसा गोठा वाढला आणि दूधही वाढले. ते पाहायला आपल्यातले अनेक जण सहलीने जाऊन आले आहेत. जेवणे झाली, फोटो निघाले. गावी आल्यावर गायरानात म्हशी सोडल्या.

हे मी दुसऱ्यांना हिणवण्यासाठी लिहीत नाही. तसेच मीही केले आहे, आणि ते मला कोणी दाखवून दिले ते सांगतो.

एका साली मृगाचा पाऊस चांगला झाला. आठ-दहा दिवसांत माळावर हिरवी लव धरली. आमच्या गावच्या एक आक्का आहेत. जमीन नाही, घरात पाच-सात उस्मानाबादी शेळ्या. त्या शेळ्या घेऊन माळावर निघाल्या होत्या. मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "आक्का, थोडे दिस दम धरा की. गवत जरा वर येऊ द्या."

आक्का थांबल्या. म्हणाल्या, "दम आम्हीच धरावा व्हय दादा? तुमच्या दोन म्हशी अन् बैल काल दिसभर हितंच होते. तुमच्या मळ्यात चारा हाय, पाणी हाय. माझ्याकडं काय हाय? शेळीला काय रेशनचं पीठ घालू?"

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही, कारण त्यांचे म्हणणे खरे होते.

सभासदांनो, गायरान बिघडण्याचा काळ कोणता, ते नीट पाहा. एप्रिलच्या सुमाराला कारखान्यांचा पट्टा पडतो. आपल्या वडवणी, धारूर, केज, पाटोदा, आष्टी भागांतल्या ऊसतोड टोळ्या घरी परततात, बैलगाडीवाल्यांचे बैल घेऊन. पाच-सहा महिने ते बैल फडावर वाढ्यावर जगलेले असतात. गावात आल्यावर वाढे नाही, कडबा महाग. बैल माळावर. तो माळ वैशाखात मुळातच उघडा. मग मृगाचा पाऊस येतो. मुळांत शिल्लक राहिलेले अन्न खर्चून गवत पहिला कोंब वर काढते आणि त्याच वेळी गावातले प्रत्येक भुकेले जनावर त्या कोंबावर तुटून पडते. वर्षातले सगळ्यात नाजूक तीन-चार आठवडे तेच आणि सगळ्यात जास्त चराईही तेव्हाच. जमीनही तेव्हाच ओली, खूरही तेव्हाच खोल रुततात. ऊस ज्या पद्धतीने तुटतो आणि चारा ज्या पद्धतीने संपतो, त्यात ही गाठ बसलेली आहे. म्हणून तिच्यात साखर कारखाना आणि सभासद, दोघेही बांधलेले आहेत.

मग करावे काय? माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. सगळेच जसेच्या तसे घ्या असा आग्रह नाही.

वर्षभराची सरसकट चराईबंदी आपल्या गावांत टिकणार नाही आणि टिकवू पाहिली तर तिचा भार आक्कांसारख्यांवर पडेल. ज्याच्याकडे चारा नाही त्याची शेळी विकली जाईल आणि ज्याच्याकडे मळा आहे तो गायरानाचे कापलेले गवत लिलावात घेईल. असला न्याय नको. त्याऐवजी पाळी बांधावी. गायरानाचे चार भाग धरावेत. दरवर्षी एक भाग मृगापासून दिवाळीपर्यंत पुरता बंद. गवताला फुलू द्यावे, बी पडू द्यावे आणि मग विळ्याने कापावे. पुढल्या साली दुसरा भाग. चार वर्षांत सगळ्या माळाला एकेक पावसाळा विसावा मिळेल. उरलेल्या तीन भागांत जनावरे आळीपाळीने फिरवावीत. एक भाग चरून झाला की त्याला महिनाभर सुट्टी. गवत चार बोटे उरले की कळप पुढे. निम्मे खावे, निम्मे राखावे, हे सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे.

याला तारेचे कुंपण लागत नाही. बोराटीचा काटा, ग्रामसभेचा ठराव आणि एक राखणदार एवढे पुरते. राखणदाराची मजुरी कापलेल्या गवतातून निघावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातल्या कलम २२ प्रमाणे गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी गावासाठी राखण्याबद्दल सर्व राज्यांना बजावले आहे. कायदा आहे, पण गायरान कायद्याने हिरवे होत नाही. आता सौर प्रकल्पांसाठीही गायरानांकडे पाहिले जात आहे. जे गायरान उजाड दिसते ते 'पडून असलेली जमीन' म्हणून जाणारच. ज्यावर गवत उभे आहे आणि ज्याचा गाव हिशेब ठेवतो, त्याच्यासाठी गाव भांडू तरी शकेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, मृगानंतरचा पहिला महिना ज्यांच्याकडे मळा आहे त्यांनी आपली जनावरे गायरानातून आधी काढावीत. म्हणजे आपण. आपल्या म्हशी, आपले बैल दाव्याला राहिले तर माळावरचा निम्मा भार तिथेच उतरेल आणि भूमिहीनांच्या शेळ्यांना उघडा ठेवलेला भाग पुरेल.

"दाव्याला बांधून खायला काय घालू?" हा प्रश्न रास्त आहे. पाटाच्या कडेला चार-पाच गुंठे हत्तीघास लावावे. एकदा लावले की काही वर्षे कापणी देते. बांधावर मारवेलाचे ठोंब लावावेत, बांधही धरून राहतो. हंगामात वाढे भरपूर असते तेव्हा त्याचा मूरघास करून ठेवावा, तो जून-जुलैत उपयोगी पडतो. नुसत्या वाढ्यावर मात्र जनावर ठेवू नये. वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना कमी होतो, तेव्हा चुन्याची निवळी द्यावी, हे आपल्या पशुवैद्यकांकडून आपण ऐकलेच आहे. हार्वेस्टर आल्यापासून पुष्कळ फडांत वाढे बारीक होऊन विखुरते आणि चाऱ्याला मिळत नाही. हाही विचार तोडणीचा कार्यक्रम ठरवताना व्हावा.

कारखान्यानेही हातभार लावावा, अशी माझी सभासद या नात्याने विनंती आहे. शेतकी खात्याने गटवार एकेका शेतावर वाढ्याचा मूरघास करून दाखवावा. बेण्याबरोबर हत्तीघासाचे आणि मारवेलाचे ठोंब द्यावेत. पट्टा पडण्याआधी वाळलेल्या वाढ्याच्या पेंढ्या काही प्रमाणात बाजूला ठेवून परतणाऱ्या बैलगाडी टोळ्यांना त्या रास्त भावात मिळतील असे पाहावे. चिटबॉय उसाची नोंद घ्यायला गावोगाव जातोच. त्याने वर्षातून एकदा गावात चारा किती आहे, हेही विचारून लिहून आणावे. छावण्या उघडायची वेळ येण्याआधी कारखान्याला तेवढी तरी चाहूल लागेल.

आक्कांनी सुनावल्यानंतर मी माझ्या दोन म्हशी आणि बैल मृगापासून पोळ्यापर्यंत दाव्याला ठेवायला लागलो. फुकट काही होत नाही. चारा कापायचे, शेण काढायचे काम वाढले आणि खरे सांगायचे तर त्यातला निम्मा भार घरच्या बाईमाणसांवर पडला. तो वाटून घ्यायला मला घरातून सांगावे लागले. पण उकिरडा मोठा झाला. जे शेण माळावर विखरून वाळून जात होते ते खड्ड्यात आले आणि खोडव्याला गेले. पाचट न जाळता त्यावर हे खत पडले की जमीन भुसभुशीत राहते, हे आता माझा मुलगाही मानतो. माझ्या एकट्याच्या दोन म्हशींनी गायरान हिरवे झालेले नाही. होणारही नाही. एका घराने ते होत नाही, म्हणूनच तर हे आपल्यासमोर मांडतो आहे.

सहकार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. एकट्याच्या उसाला कोणी विचारत नव्हते, म्हणून आपल्या आधीच्या पिढीने पै-पै गोळा करून शेअर घेतले आणि कारखाना उभा केला. गायरान हा त्याहूनही जुना सहकार आहे. त्याचे शेअर कोणी विकत घेतले नाहीत, ते गावात जन्मलेल्या प्रत्येकाला मिळाले, ज्याला जमीन आहे त्याला आणि ज्याला नाही त्यालाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण ताळेबंदाचा एकेक आकडा विचारतो. ग्रामसभेत गायरानाचा ताळेबंद कधी मागितला आहे काय?

येत्या मृगाच्या आधी आपापल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय निघावा. निदान एक भाग, निदान एक पावसाळा, बंद ठेवून पाहावा. आणि बंदीची पहिली काठी आपल्याच म्हशीसमोर आडवी धरावी. मग आक्कांना "दम धरा" म्हणायचा अधिकार आपल्याला येईल, आणि बहुधा तेव्हा तसे म्हणायची वेळही येणार नाही.

आपण सुज्ञ आहात. विचार व्हावा.

— एक सभासद, वडवणी गट